साडेआठची नोंद

रेडिओ सांगतो : यंदा सरासरीच्या ब्याण्णव टक्के.
समुद्र तापलाय म्हणे, पार पेरू देशाच्या किनाऱ्याला,
आणि इथे हेदवीच्या वरच्या अंगाला
सोसायटीच्या गोदामापुढे रांगेतल्या बायका
मला विचारतात,
"हळवं नेऊ का गरवं?"

मी शेतकीतला नव्हे. शाळेचा शिपाई, निवृत्त.
शाळेमागं तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक आहे,
त्याची किल्ली अकरा वर्षं माझ्या करगोट्याला.
सकाळी साडेआठला नरसाळं उचलायचं,
बाटलीतलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं,
गुडघ्यावर बसून डोळा रेघेला आणायचा.
एवढंच.
पण वाडीला वाटतं, पावसाचं नि माझं बोलणं होतं.

हळवं घ्यावं, तर भाद्रपदातच पिकून उभं राहतं
आणि पाऊस रेंगाळला तर लोंबीतच कोंब फुटतो.
गरवं घ्यावं, तर त्याला दसऱ्यानंतरही ओल हवी;
वरच्या मळ्यात कातळ हातभर खाली,
तिथं पाऊस आठवडाभर आधी निघून गेला
की दाण्याच्या जागी नुसतं फोल.
इब्राहिम पेवेकरांचं तिसरंच दुखणं :
खाजणातलं मीठ धुवायला पहिले पंधरा दिवस
ओतावाच लागतो.
ब्याण्णव टक्क्यांत
ते पंधरा दिवस आहेत का,
रेडिओ सांगत नाही.

आणि मला त्या शब्दापाशीच ठेच लागते. सरासरी.

सहा वर्षांमागं, आर्द्रा नक्षत्रात,
लेकीच्या बाळंतपणाला चिपळूणला होतो तीन दिवस.
दवाखान्याच्या पत्र्यावर पाऊस असा वाजत होता
की नर्सचं बोलणं ऐकू येईना.
परत आलो. वहीत तीन रकाने कोरे.
बाटलीकडं पाहिलंच नाही.
त्या पत्र्याच्या आवाजावरनं लिहिलं :
बासष्ट. अठ्ठेचाळीस. एकाहत्तर.
खाली सही केली.
तालुक्याला गेलं, जिल्ह्याला गेलं,
पुढं कुठं कुठं गेलं असेल.
हजारो आकड्यांत माझे तीन खोटे,
भातातल्या खड्यासारखे,
शिजून गेले.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
यशवंती भुवडला सांगितलं, का कोण जाणे,
ती पिशवीचं तोंड सुतळीनं बांधत होती.

"कंचं वरीस?"
सांगितलं.
सुतळी तिच्या दातात तशीच राहिली.
"त्या तीन दिसांत हितं टिपूस न्हवता, भाऊजी.
तरवा हळदीवानी पिवळा झालेला.
इहिरीवरनं कळशीनं पाणी घातलं मी,
सत्तावीस खेपा.
म्या बी मोजलंय."

मग ती हसली. मला हसता आलं नाही.

तिनं दोन्ही बी नेलं.
वरच्या दोन कुणग्यांना हळवं,
वहाळालगतच्या खाचराला गरवं,
आणि बांधावर टाकायला मूठभर नाचणी
माझ्याकडनं फुकट, म्हणजे मागूनच.
"ब्यान्नव कुनाचं ते बगू," म्हणाली,
"माज्या खाचराला इचारलंय का कुनी?"

आज सकाळी साडेआठला गेलो.
आकाश भांड्याच्या बुडासारखं करडं, पण कोरडं.
नरसाळ्यात कुंभारणीनं मातीचं घर बांधायला घेतलेलं,
अजून ओलं.
कुठनं आणली असेल ओल?
ते काडीनं सोडवलं, कुंपणाच्या खांबावर ठेवलं.
बाटली उपडी केली, नळीत धरली,
काही नाही हे दिसत होतं,
तरी गुडघ्यावर बसलो
आणि डोळा रेघेला आणला.

वहीत लिहिलं : शून्य पूर्णांक शून्य.
इतक्या सावकाश
की शाई वाळेपर्यंत
किल्ली हातातच राहिली.